पाचगणीच्या व्हरांड्यातून

वाचकहो, वाईचा कृष्णाकाठ मागे टाकून गाडी पसरणीच्या घाटाला लागली, की दोन-तीन वळणांतच तुम्ही खिडकीची काच खाली करता. तसे कोणी सांगावे लागत नाही. दरीत धोम धरणाच्या पाण्याचा विस्तार दिसू लागतो, वाईची देवळे आणि उसाचे मळे लहान होत जातात, आणि चेहऱ्यावर येणारा वारा खालच्या वाऱ्याहून निराळा आहे हे शरीरच आपल्याला सांगते. गाडीत एखादे वडीलधारे माणूस असेल, तर ते हमखास उद्गारते, “हवा बघ कशी आहे इथली!”

गेल्या पौषात माझ्या शेजारी आत्या बसली होती आणि तीही नेमके हेच म्हणाली. फक्त ते छोटेसे वाक्य पुरे करताना तिला मध्ये दोनदा थांबावे लागले.

आत्याचे वय शहात्तर. तिने आयुष्यात कधी विडी-तंबाखू जवळ केली नाही. पण लग्नानंतरची पस्तीस वर्षे खेड्यातल्या धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात, ओल्या लाकडांच्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे काढली. डॉक्टरांनी तिच्या दुखण्याचे नाव ‘सीओपीडी’ असे सांगितले आहे. श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणे आणि फुप्फुसांचा लवचीकपणा हरपणे, असा हा जुनाट विकार. धूम्रपान न करणाऱ्यांनाही तो मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे, याकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगाचे लक्ष वेधले होते. आपल्याकडच्या किती घरांत अशी एखादी आत्या, आजी किंवा मावशी खोकत बसलेली असते आणि ‘वय झाले, दम लागायचाच’ म्हणून सगळे तिकडे दुर्लक्ष करतात, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

आत्याचा पाचगणीसाठीचा हट्ट जुना होता. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, १९५५ च्या सुमारास क्षयाने अंथरुणाला खिळले आणि येथल्या एका आरोग्यधामात आठ महिने राहून, बरे होऊन घरी परतले. आत्या तेव्हा सहा-सात वर्षांची. लहान मुलांना आत सोडत नसत. म्हणून आईचे बोट धरून तिने कुंपणाबाहेरूनच त्यांना पाहिले होते, व्हरांड्यातल्या खाटेवर पांढरी चादर पांघरून पडलेले. “नानांना या हवेनं जगवलं, मलाही गुण येईल,” असा तिचा साधा हिशेब होता. तीन दिवसांच्या हवापालटासाठी मी तिला घेऊन निघालो, तेव्हा तो हिशेब तपासून पाहावा असे मलाही सुचले नव्हते.

हवेचे गाव

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वर येथून अवघे वीसेक किलोमीटर. पण पावसाळ्यात तिकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत असताना पाचगणीला त्या मानाने कितीतरी कमी पाऊस होतो. वर्षभर राहता येईल असे थंड हवेचे ठिकाण शोधणाऱ्या इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नेमकी हीच गोष्ट हेरली. जॉन चेसन या गृहस्थाने येथे बस्तान बसवले, गावाची आखणी केली. रस्त्याकडेला आज दिसणाऱ्या उंच सिल्व्हर ओकच्या झाडांची सुरुवातही त्याच्याच काळातली मानतात. पुढे निवासी शाळा आल्या, मुंबईच्या पारशी कुटुंबांचे बंगले आले. कृष्णेच्या खोऱ्याकडे पाहणाऱ्या एका कड्याला ‘पारशी पॉइंट’ हे नाव पडले ते त्यांच्यामुळेच.

आणि या सगळ्यांबरोबर आजारी माणसेही आली. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी येथे ‘बेल-एअर’ हे क्षयरुग्णांसाठीचे आरोग्यधाम उभारले. कालांतराने ते रेड क्रॉसकडे आले. आज तेथे रुग्णालय आहे आणि परिचारिकांचे शिक्षणही चालते. आगाखान पॅलेसमधील बंदिवासातून १९४४ च्या मे महिन्यात सुटलेले, खालावलेल्या प्रकृतीचे गांधीजी त्याच वर्षी जुलैत विश्रांतीसाठी आले, तेही पाचगणीलाच.

पाचगणीला गेलात, तर टेबललँडवरची घोडेस्वारी आणि बाजारातली स्ट्रॉबेरी यांतून थोडी सवड काढून गावातल्या जुन्या घरांचे व्हरांडे जरूर पाहा. रुंद, लांबलचक, दोन खाटा आणि मधून जायला वाट राहील एवढे ऐसपैस. अशा व्हरांड्याला क्षयाच्या इतिहासात मोठा मान आहे. औषध नव्हते त्या काळात, १८५० च्या दशकात, हर्मान ब्रेमर या जर्मन डॉक्टरांनी सायलेशियाच्या डोंगरांत पहिले नावाजलेले आरोग्यधाम काढले. त्यांचेच रुग्ण आणि नंतर सहकारी झालेल्या पीटर डेटवायलर यांनी १८७६ पासून फाल्केनश्टाइन येथे उघड्या व्हरांड्यात तासन् तास पडून राहण्याची पद्धत शिस्तीने बसवली. तीच पद्धत जगभर पसरली आणि आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरही पोहोचली.

परंतु खाट उघड्यावर टाकली, एवढ्याने ती पद्धत पुरी होत नसे. ठरलेल्या वेळी ताप मोजून तक्त्यावर नोंदवणे, वजनाचा हिशेब ठेवणे, थुंकीचे झाकणाचे भांडे स्वच्छ करणे, दूध-अंडी पोटात जातात की नाही हे पाहणे, विश्रांतीच्या वेळी कोणाला बोलूही न देणे, आणि प्रकृती सुधारली की मोजून-मापून चालायला लावणे, हे सारे परिचारिका करीत. इंग्लंडमधल्या फ्रिमली येथे डॉ. मार्कस पॅटरसन यांनी तर चालण्यापासून टोपल्या वाहण्यापर्यंत आणि तेथून फावडे चालवण्यापर्यंत श्रमाच्या पायऱ्याच आखून दिल्या होत्या.

हे सारे मी आत्याला त्या संध्याकाळी बाजारातून चालताना हौसेने सांगत होतो. ती दर पन्नास पावलांवर थांबत होती. मला वाटले, जुनी घरे पाहते आहे.

रात्रीचे दोन वाजता

आता जे सांगणार आहे त्यात दोष उतरलो होतो त्या निवासाचा नाही, माझा आहे.

रात्री गारठा वाढला. निवासाच्या माणसाने विचारले, शेगडी देऊ का? मी हो म्हटले. निखाऱ्यांची शेगडी खोलीत आली. मी खिडक्या, दारे घट्ट लावली. आत्याला पोटभर जेवू घातले आणि दोन रजया पांघरून आडवे केले. प्रेमाने जेवढ्या चुका करता येतात, तेवढ्या मी एका संध्याकाळात केल्या.

दोनच्या सुमारास जाग आली ती आवाजाने. आत्या खाटेच्या कडेला बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांकडे चढलेले, मानेच्या शिरा ताठ. प्रत्येक श्वासाबरोबर गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. ओठांवर निळसर झाक होती. मी म्हणालो, “आत्या, पडून राहा, बरं वाटेल,” आणि तिला आडवे करू लागलो. तिने एवढ्या जोराने माझा हात झिडकारला, की तिच्यात इतकी ताकद उरली आहे याचेच मला नवल वाटले. पिशवीतून तिचा पंप काढून तोंडात दाबला. पण दाबण्याची आणि श्वास घेण्याची वेळ जुळेना. औषध जिभेवर आणि हनुवटीवर पडले. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ८३ दाखवत होता.

निवासाच्या माणसाने शहाणपणा केला. त्याने १०८ क्रमांकावर फोन लावला आणि मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका सेवानिवृत्त परिचारिकेला उठवून आणले. त्या आल्या त्या शाल गुंडाळून, पायांत रबरी चपला घालून. दारातूनच म्हणाल्या, “आधी ती शेगडी बाहेर न्या.”

नंतरच्या दहा मिनिटांत त्यांनी काय केले, ते मी क्रमाने लिहितो, कारण तो क्रमच शिकण्यासारखा आहे. शेगडी बाहेर गेली, खिडकी उघडली आणि आत्याच्या पाठीवर रजई राहू दिली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकाची सुरुवात याच मुद्द्यावर होते, हे मी नंतर वाचले: रुग्णाला मिळणारी हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध असावी, पण त्यापायी तो गारठू नये. मग त्यांनी खोलीतले टेबल आत्यासमोर ओढले, त्यावर उशा रचल्या आणि तिचे हात व डोके त्यांवर टेकवले. पाय जमिनीवर टेकलेले राहतील असे पाहिले. पोलक्याची वरची बटणे सोडली. वर्तमानपत्राची घडी करून तोंडासमोर हलकेच वारा घालायला मला बसवले. चेहऱ्यावर येणाऱ्या अशा झुळकीने धापेची जाणीव कमी होते.

“आजी, श्वास घ्यायची घाई नको,” त्या म्हणाल्या. “आधी सोडायचा. गरम चहावर फुंकर घालतो ना, तशी. लांब. अजून लांब.” आणि स्वतः तशी फुंकर घालीत त्या आत्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. ‘घाबरू नका’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली त्यांनी मागितली, बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडले, पंप त्यात घट्ट बसवला आणि बाटलीचे तोंड आत्याच्या ओठांत दिले. एक फवारा, चार-पाच सावकाश श्वास. पुन्हा एक फवारा. औषध या वेळी छातीत गेले. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून त्यांनी पुरे एक मिनिट श्वास मोजले. चौतीस होते. रुग्णवाहिका आली तेव्हा अठ्ठावीस.

रुग्णालयात ऑक्सिजन मिळाला, तोही मोजून. नळी सैल सोडून भरपूर ऑक्सिजन द्यावा असे मला वाटत होते. डॉक्टरांनी समजावले, की अशा जुनाट विकारात जादा ऑक्सिजनानेही अपाय होऊ शकतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, रुग्ण गुंगीत जातो. म्हणून ऑक्सिमीटरचा आकडा ९८ वर नेण्याचा अट्टाहास न धरता तो ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. पहाटे आत्याला डोळा लागला, बसल्या बसल्याच.

नाना कशाने बरे झाले?

सकाळी सिस्टर पुन्हा आल्या. मी त्यांना नानांची हकीकत सांगितली आणि विचारले, “मग या हवेचं काय? माझे आजोबा याच हवेने बरे झाले ना?”

त्या हसल्या. “हवा चांगलीच आहे हो. पण आजींच्या छातीला आत्ता ती पुरत नाही.”

याचा अर्थ डॉक्टरांनी उलगडला. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सारखेच असते. पण उंचीवर हवेचा दाबच कमी होतो. पाचगणीएवढ्या उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रकाठापेक्षा सुमारे सातवा हिस्सा ऑक्सिजन कमी मिळतो. तुमच्या-माझ्या फुप्फुसांना ते जाणवतही नाही. ज्यांची शिल्लक आधीच आटलेली आहे, त्यांना जाणवते. त्यातून थंड हवेने श्वासनलिका आकसतात. भरलेले पोट छातीखालच्या पडद्याला वर रेटते. आणि बंद खोलीतली शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते, जो साध्या ऑक्सिमीटरला ओळखताही येत नाही. तो आकडा चांगला दाखवत राहतो आणि माणूस गुदमरत असतो.

आणि नाना? १९५५ साली स्ट्रेप्टोमायसिन, पास आणि आयसोनियाझिड ही तिन्ही औषधे हाती आलेली होती. ती त्यांना मिळाली असणार, आणि नियमाने मिळाली असणार. हवेचा हिशेब तर पुढच्या काही वर्षांतच चुकता झाला, आणि तोही आपल्याच देशात. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयाच्या औषधोपचारांचे एक केंद्र सुरू झाले. गरीब वस्तीतील क्षयरुग्णांचे दोन गट करून एकाला आरोग्यधामात ठेवले आणि दुसऱ्याला स्वतःच्या घरी. औषधे दोघांना तीच. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्या कोंदट खोल्यांत, आरोग्यधामाच्या मानाने सुमार अन्नावर, विश्रांती कमी मिळूनही घरचे रुग्ण जवळजवळ तेवढेच बरे झाले होते. घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढला नव्हता. जगभरातली आरोग्यधामे बंद होण्यामागे या अभ्यासाचा मोठा हात आहे.

मात्र एक गोष्ट त्या घरांत होती. रुग्ण औषध घेतो की नाही हे पाहायला माणसे जात होती, विचारपूस करीत होती, नोंद ठेवीत होती. व्हरांड्यातली हवा घरी नेता आली नाही, पण परिचारिकेचा तक्ता नेता आला. वाचकहो, पाचगणीहून मी आणले ते एवढेच, आणि तुमच्या घरी दम्याचे, सीओपीडीचे किंवा वारंवार छाती भरणारे वृद्ध माणूस असेल, तर तुम्हीही एवढेच न्यावे.

उतारावर

डॉक्टरांनी दुपारच्या आत खाली उतरायला सांगितले. पसरणीचा घाट उतरताना आत्या काही बोलली नाही. वाईला गणपती आळीच्या घाटापाशी गाडी थांबवली. ढोल्या गणपतीचे दर्शन तिने गाडीत बसूनच घेतले. कृष्णेचे पाणी हिवाळी उन्हात चकाकत होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, “अरे, नानांजवळ एक नर्सबाई उभी होती. त्यांना उशीला टेकवून बसवत होती. ते मी विसरूनच गेले होते. खाट तेवढी लक्षात राहिली.”

तिथून आम्ही सिस्टरांनी सांगितलेले सगळे वहीत उतरवून काढले. तीच वही आज आमच्या घरी आत्याच्या खाटेजवळ लटकते आहे. तिच्यातले काही तुमच्यासाठी उतरवतो. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला ते पर्याय नाही, जोड आहे.

बैठक पहिली. धाप लागलेल्या माणसाला कधीही आडवे करू नका. पुढे टेबल, स्टूल किंवा मांडीवर उशांची चवड, त्यावर हात टेकवून पुढे झुकलेली बैठक. रात्री झोपतानाही डोक्याकडची बाजू उंच. एकावर एक उशा मानेखाली घातल्या तर मान वाकते आणि उपयोग होत नाही. पाठीपासून उतार हवा.

फुंकरीचा श्वास संकटातच आठवायचा नाही. नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ लावून सोडायचा, हे रोज दोन वेळा निवांतपणी करावे. सीओपीडीत खरी अडचण श्वास घेण्याची नसून जुनी हवा बाहेर न पडण्याची असते. ती गेली नाही तर नवी हवा शिरणार कुठे?

पंपाला स्पेसर जोडाच. वयस्कर माणसाच्या बोटांत जोर नसतो, दाबणे आणि ओढणे यांचा मेळ बसत नाही. तुमच्या घरचे माणूस पंप कसा घेते, हे एकदा समोर बसून पाहा. आम्ही दोन वर्षे पाहिले नव्हते. एका वेळी एकच फवारा. स्टिरॉइड असलेल्या पंपानंतर चूळ भरून टाकावी. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता हवेवर वाळू द्यावा.

तोंडाची स्वच्छता आणि छाती यांचा संबंध आपल्या ध्यानात येत नाही. तोंडातले जंतू, विशेषतः झोपेत, फुप्फुसात उतरतात. जपानमधल्या वृद्धाश्रमांत झालेल्या अभ्यासांत नियमित मुखस्वच्छतेने न्यूमोनिया कमी झालेला आढळला आहे. दात असोत वा कवळी, सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा स्वच्छ करावे. कवळी रात्री काढून ठेवावी. जेवण ताठ बसून, थोडे थोडे, चार-पाच वेळा. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये. पाणी पिताना ठसका लागू लागला, तर तो वयाचा भाग समजून सोडून न देता डॉक्टरांना सांगावा.

रोज सकाळी, विश्रांतीत असताना, पुरे एक मिनिट श्वास मोजावेत. प्रौढ माणसाचे ते साधारण बारा ते वीस असतात. ज्याचे त्याचे रोजचे माप ठाऊक असले, की बिघाड लगेच कळतो. म्हातारपणी न्यूमोनिया पुष्कळदा तापाशिवाय येतो. एकाएकी असंबद्ध बोलणे, जेवण नाकारणे, पडणे, दिवसभर गुंगीत राहणे, कफाचा रंग किंवा प्रमाण बदलणे, यांतले काहीही दिसले तर ‘ताप तर नाही’ म्हणून थांबू नका. ओठ निळसर होणे, एक वाक्यही एका दमात न बोलता येणे, श्वास तीसपर्यंत जाणे ही तत्काळ रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत.

चालणे सोडू नका. दम लागतो म्हणून बसून राहिले, की पायांचे स्नायू झिजतात आणि मग चार पावलांतही दम लागतो. पॅटरसनच्या पायऱ्या आज श्वसन-पुनर्वसन या नावाने नव्या रूपात आल्या आहेत. आत्या सध्या गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फेऱ्या मारते. पंधरवड्याला एक फेरी वाढते. आंघोळीला स्टूल, कपडे घालताना बसून, रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर. वाचवलेला दम चालण्यात खर्च करायचा.

फ्लू आणि न्यूमोकोकस यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. उदबत्ती, धूप, डास पळवणारी कॉइल आणि फोडणीचा खाट यांपासून खोली दूर ठेवा. घरी ऑक्सिजन असेल तर त्याच्याजवळ निरांजनही नको, आणि नळीचा वेग स्वतःच्या मनाने कधी वाढवू नका.

आणि शुश्रूषा करणाऱ्याने स्वतः झोपावे. रात्रीची जागरणे घरात वाटून घ्या. हे काम एकाच सुनेचे किंवा लेकीचे नव्हे. आमच्याकडे मंगळवार आणि शनिवार माझे आहेत.

पुन्हा जायचे असेल तर

म्हणजे श्वासाच्या रुग्णाने डोंगरावर जाऊच नये का? तसे नाही. पुष्कळांना ते साधते. पण निघण्यापूर्वी डॉक्टरांना उंची सांगून विचारा. चालताना ऑक्सिजन किती उतरतो हे पाहून घ्या. ऐन थंडी टाळा. पंप, स्पेसर, औषधांची चिठ्ठी आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता हाताशी असू द्या. तळमजल्यावरची खोली घ्या. शेगडीऐवजी गरम पाण्याची पिशवी आणि जादा पांघरूण मागा. पहिला दिवस नुसता बसण्यात घालवा. तो बसण्याचा व्हरांडा मात्र ऐसपैस निवडा.

आत्याला मी पुन्हा नेणार आहे, डॉक्टर हो म्हणाले तर चैत्रात. या वेळी वर नव्हे, वाईपर्यंतच. तेथून पाचगणीची कडा दिसते, तेवढे तिला पुरेल असे ती म्हणते. तोवर आमची सहा फूट रुंदीची गॅलरी हाच तिचा व्हरांडा आहे. सकाळी ऊन आले की ती तेथे टेबलावर हात टेकून बसते, समोर चहाचा कप, आणि त्यावर लांब फुंकर घालते. एक, दोन, तीन, चार. मी घड्याळ घेऊन शेजारी बसतो. काल एकोणीस होते.